‘स्किन कलर’ नक्की कुणाच्या कातडीचा?

मुलांच्या रंगपेटीत एक फिकट गुलाबीसर पेन्सिल असते. दुकानदार, शिक्षक, आईवडील आणि मुले, सगळेच तिला ‘स्किन कलर’ म्हणतात. मुलाला सांगा, आईचे चित्र काढ. चेहरा रंगवायची वेळ आली की हात सरळ त्या पेन्सिलीकडे जातो. आई समोरच भाजी निवडत बसलेली असते. तिचा चेहरा सावळा, हात उन्हाने रापलेले. कागदावरची आई मात्र गुलाबी होते. मग मूल स्वतःचे चित्र काढते, तेही गुलाबी. मुलाने जे ऐकले तेच केले. कातडीचा रंग म्हणजे हा, असे त्याला सगळ्यांनी सांगितले आहे. त्याच्या स्वतःच्या रंगाला पेटीत नावच नाही.

अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या रंगखडूंतही ‘फ्लेश’, म्हणजे मांस-कातडी, या नावाचा असाच एक फिकट रंग होता. १९६२ साली, तिकडे काळ्या लोकांच्या नागरी हक्कांची चळवळ जोरात असताना, कंपनीने ते नाव बदलून ‘पीच’ केले. खडू तोच राहिला, नाव गेले. २०२० साली त्याच कंपनीने माणसांच्या कातडीच्या २४ छटांची वेगळी पेटी बाजारात आणली. आपल्याकडे दुकानात अजून ‘स्किन’च मागतात आणि ‘स्किन’च मिळते.

आरोग्याच्या पानावर रंगपेटी कशाला, असे कुणी विचारील. नर्सिंगच्या शिक्षणात रुग्णाकडे बघायला शिकवतात तेव्हा सुरुवातीचे धडे रंगाचेच असतात. ओठ कसे दिसतात, नखे कशी, जीभ कशी, डोळ्यांचा पांढरा भाग कसा. सावळ्या कातडीत किती रंग लपलेले असतात हे ज्याला दिसते, त्याला घरातले दुखणेही लवकर दिसते. आणि हे बघायला शिकण्याची सगळ्यात स्वस्त शाळा म्हणजे बारा रंगांची पेन्सिल-पेटी. म्हणून आज आधी रंगवायला शिकू, मग त्याच डोळ्यांनी घरच्या माणसांकडे बघू.

कातडीचा रंग येतो कुठून

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. तपकिरी-काळे मेलॅनिन जास्त असेल तर कातडी गडद दिसते. हे मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. म्हणजे गडद रंग ही शरीराने धरलेली छत्री आहे.

मेलॅनिनच्या खाली रक्त वाहते, त्याचा लाल रंग वर डोकावतो. भाज्या-फळांतून येणाऱ्या कॅरोटीनची थोडी पिवळसर झाक असते. मनगटावरच्या शिरा निळसर-हिरवट दिसतात. तळहात, तळपाय आणि नखांखालची जागा यांत मेलॅनिन कमी, म्हणून तिथे रक्ताचा गुलाबीपणा सहज दिसतो. थोडक्यात, आपली कातडी म्हणजे एकावर एक चढवलेले पिवळे, लाल, तपकिरी, निळसर थर. रंगपेन्सिलीने काम करायची पद्धतही हीच आहे, थरावर थर. एका पेन्सिलीने कातडी रंगवता येत नाही, याचे कारण कातडी एका रंगाची नसतेच.

तपकिरी रंगाची गंमत

शाळेत रंगचक्र शिकवतात. लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग. लाल आणि पिवळा मिळून नारंगी, पिवळा आणि निळा मिळून हिरवा, निळा आणि लाल मिळून जांभळा. हे सहा रंग गोलात मांडले की प्रत्येकाच्या समोर त्याचा विरोधी रंग येतो. लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारंगी, पिवळ्यासमोर जांभळा. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना हे तोंडपाठ असते.

पण या चक्रात तपकिरी कुठे आहे? कुठेच नाही. तपकिरी म्हणजे मंद आणि गडद केलेला नारंगी. हे घरी करून बघा. कागदावर नारंगी पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, त्यावर तितक्याच हलक्या हाताने निळी फिरवा. तपकिरी तयार होतो. लालवर हिरवी फिरवा, वेगळा तपकिरी, जरा विटकरी. पिवळ्यावर जांभळी फिरवा, मातकट तपकिरी. विरोधी रंग एकत्र आले की एकमेकांचा भडकपणा खातात आणि मातीचे, लाकडाचे, गुळाचे, चहाचे, माणसांचे रंग तयार होतात.

म्हणजे पेटीत तुमच्या कातडीच्या रंगाची पेन्सिल नाही म्हणून अडत नाही. पेटीतल्या निम्म्या पेन्सिली मिळून तुमचा रंग बनतो.

रंगपेन्सिलीने चेहरा

बारा रंगांची साधी पेटी पुरते. कागद मात्र फार गुळगुळीत नको. चित्रकलेच्या वहीचा जरा खरखरीत कागद रंग धरून ठेवतो. रंगपेन्सिलीच्या कांडीत मेण किंवा तेल आणि रंगद्रव्य असते. एकदम दाबून रंगवले की कागदाचे सगळे खळगे मेणाने भरतात, कागद चकचकीत होतो आणि पुढचा रंग त्यावर चढतच नाही. म्हणून पहिला नियम: दाबायचे ते शेवटी. सुरुवातीला पेन्सिल टोकापासून जरा मागे धरा, म्हणजे आपोआप हलकी चालते. टोक मात्र तासलेले हवे. बोथट टोक खळगे सोडून वरवर फिरते आणि पांढरे ठिपके राहतात.

आता क्रम बघा.

१. साध्या पेन्सिलीने चेहऱ्याची बाह्यरेषा काढा आणि खोडरबरने ती पुसट करा. काळी रेषा राहिली तर तिचा काळपटपणा रंगात मिसळतो.

२. उजेड कुठून येतो ते ठरवा. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड, खालचा ओठ, इथे चमक असते. गडद कातडीवर ही चमक गोऱ्या कातडीपेक्षा जास्त उठून दिसते. ती जागा कोरी सोडा. एकदा रंग भरला की कागदाचा पांढरेपणा परत येत नाही.

३. पूर्ण चेहऱ्यावर पिवळ्याचा अगदी पुसट थर द्या. पेन्सिल बारीक गोल गोल फिरवा. आडव्याउभ्या रेघोट्या मारल्या तर त्या शेवटपर्यंत दिसतात.

४. त्यावर नारंगी, तितकाच हलका.

५. गाल, नाक, कान, ओठ आणि बोटांची पेरे इथे थोडा लाल. या जागी रक्त कातडीच्या जवळ असते.

६. आता तपकिरी. सगळीकडे हलका, उजेडाच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन थर.

७. सावली. हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, मानेवर. इथे बहुतेक जण काळी पेन्सिल घेतात आणि चेहरा काजळी लागल्यासारखा दिसतो. काळीऐवजी जांभळी किंवा निळी घ्या आणि तिच्यावरून पुन्हा तपकिरी फिरवा. सावली खोल होते, पण चेहरा जिवंत राहतो.

८. सगळे थर झाल्यावर पांढरी किंवा ती फिकट गुलाबीसर पेन्सिल घ्या आणि उजेडाच्या बाजूला जरा दाबून घासा. थर एकमेकांत मिसळून एकजीव होतात. तळहात रंगवायलाही ती पेन्सिल चांगली. त्या पेन्सिलीवर राग नाही, तिच्या नावावर आहे.

घरातल्या प्रत्येकासाठी प्रमाण बदलते. गव्हाळ चेहऱ्याला पिवळा-नारंगी जास्त, तपकिरी कमी. सावळ्याला तपकिरीचे थर वाढवायचे आणि खाली लाल जरा जास्त. काळ्या चेहऱ्याला खाली लाल आणि जांभळा, वर तपकिरी, सावलीत गडद निळा. रंग चेहऱ्यावर चढवण्याआधी कागदाच्या कडेला चौकोन करून थर लावून बघा आणि तो चौकोन त्या माणसाच्या मनगटाशेजारी धरा. काय कमी आहे ते लगेच कळते. केसांना आधी निळा किंवा गडद तपकिरी आणि मग काळा दिला तर केसांना तेलाची झळाळी येते.

स्केचपेन आणि मार्करने

स्केचपेनची शाई पाण्याची असते आणि पारदर्शक असते. लाल जिलेटीन कागदावर पिवळा ठेवला की दोन्ही मिळून नारंगी दिसतात, तसेच इथे होते, खालचा रंग वरून दिसत राहतो. म्हणून फिकट आधी, गडद नंतर. चेहऱ्याला आधी पिवळा किंवा नारंगी, तो पूर्ण वाळू द्या, मग वरून तपकिरी. ओल्यावर ओले घासत राहिलात तर वहीच्या कागदाचे कापसासारखे गोळे निघतात. एकाच दिशेने, रेघेला रेघ चिकटवून चला, म्हणजे पट्टे कमी दिसतात. फिकट पेन गडद रंगावर फिरवले की त्याचे टोक मळते. लगेच रद्दी कागदावर चार रेघा ओढून ते साफ करा.

स्केचपेनचा तपकिरी फार उग्र वाटतो का? मग प्लॅस्टिकच्या झाकणावर तो गिरबटा, त्यावर दोन थेंब पाणी टाका आणि ब्रशने उचलून लावा. जलरंगासारखा मऊ रंग मिळतो, पाण्याने हवा तितका फिका करता येतो.

अल्कोहोल मार्कर वेगळे. ते लवकर वाळतात आणि ओले असतानाच एकमेकांत छान मिसळतात, त्यामुळे पट्टे दिसत नाहीत. पण शाई कागदाच्या आरपार जाते, म्हणून खाली जाड रद्दी कागद हवाच. ते महाग असतात. घरात एकच तपकिरी मार्कर असेल तर त्याने एक थर द्या, वाळू द्या, आणि बाकीचे काम वरून रंगपेन्सिलीने करा. सावलीला जांभळी, गालाला लाल, उजेडाला पांढरी.

शेजारचा रंग आणि घरातला उजेड

पॅरिसमध्ये चित्रे विणलेले पडदे तयार करणारा गोबेलिन नावाचा जुना कारखाना आहे. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख मिशेल शेव्रल हा रसायनतज्ज्ञ होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तर रंग चांगलाच होता. काळ्या धाग्याच्या शेजारी जे रंग विणले होते त्यांच्यामुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, हे त्याचे सार. सावळ्या चेहऱ्यामागे पांढरी भिंत रंगवली तर चेहरा जास्त काळा भासतो. मागे गडद निळी किंवा हिरवी रंगवली तर त्याच चेहऱ्यातला नारंगी-लाल उबदारपणा उजळून येतो. चेहऱ्याचा रंग बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो.

उजेडाचेही तेच. वस्तीतल्या घरांवर निळी ताडपत्री असते. तिच्यातून गाळून येणाऱ्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे निळसर दिसतात. पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळट. म्हणून चित्र रंगवताना दाराशी, दिवसाच्या उजेडात बसावे. आणि दुखणे बघतानाही तेच करावे. पिवळ्या बल्बखाली कावीळ ओळखता येत नाही.

हेच डोळे घरच्या माणसांकडे

वैद्यकीय पुस्तकांतली चित्रे वर्षानुवर्षे गोऱ्या कातडीची होती. ‘चेहरा फिका पडतो’, ‘कातडी लाल होते’ अशी वर्णने त्यातूनच आली. गडद कातडीवर ती जशीच्या तशी दिसत नाहीत. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मालोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांसोबत गडद कातडीवर आजार कसे दिसतात याची सचित्र पुस्तिका तयार केली, ती याच कारणासाठी. सावळ्या माणसांच्या घरात काय आणि कुठे बघायचे ते लक्षात ठेवा.

रक्त कमी असणे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. सावळा चेहरा रक्त कमी झाल्यावर पांढरा पडत नाही. त्यातला खालचा लाल थर निघून जातो आणि चेहरा राखाडी, निस्तेज, पिवळट दिसतो. म्हणून मेलॅनिन कमी असलेल्या जागा बघा. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग, जीभ, नखे आणि तळहात. आरोग्य कर्मचाऱ्यांना लहान मुलांचा रक्तक्षय ओळखायला तळहातच बघायला शिकवतात. मुलाचा तळहात आपल्या आणि इतर मुलांच्या तळहाताशेजारी धरायचा, पेन्सिलीचा चौकोन मनगटाशेजारी धरला तसाच. शंका आली की आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर बाईत ते ११ च्या खाली आणि गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. सरकारी लोहगोळ्याही रंगावरून ओळखता येतात. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, १० ते १९ वर्षांना निळी, मोठ्या आणि गरोदर स्त्रियांना लाल.

बाळाची कावीळ. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. अंगाचा पिवळेपणा उतरलेला, पण एक तिकोनी तुकडा मात्र गडद पिवळा. डॉक्टरांना वाटले, काही औषध लावले असेल. सिस्टर म्हणाल्या, ती जागा चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेली होती, बाकी अंगाला ऊन लागले. एका नर्सच्या रंग बघणाऱ्या नजरेतून काविळीवरचा प्रकाशोपचार सुरू झाला. १९५८ साली तो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज रुग्णालयात कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. निळाच का? काविळीचे बिलिरुबिन पिवळे दिसते, कारण ते निळा प्रकाश शोषून घेते. शोषलेल्या त्या निळ्या प्रकाशानेच त्याचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर जाऊ शकते. आपले रंगचक्र इथे औषध होते.

पण घरी उन्हात धरून कावीळ बरी करायला जाऊ नका. ऊन मोजून देता येत नाही, बाळ तापते किंवा गारठते, आणि मौल्यवान वेळ जातो. सावळ्या बाळाला दिवसाच्या उजेडात न्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा, नाकावर किंवा कपाळावर बोटाने हलके दाबून सोडा आणि तिथे पिवळे उमटते का बघा. जन्मल्यापासून २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ पीत नाही किंवा उठवूनही उठत नाही, तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

श्वास कमी पडणे. गोरा माणूस निळा पडतो तेव्हा सावळा माणूस राखाडी दिसतो. जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू बघा. तिथे निळसर किंवा राखाडी रंग आला तर ती तातडीची वेळ आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. यंत्र ठीक आकडा दाखवते आणि रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असतो, असे काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळले. यंत्राचा उजेड कातडीतून जातो, आणि मेलॅनिनही उजेड शोषते. माणूस धापा टाकत असेल, बोलताना थांबत असेल, तर आकडा चांगला असला तरी दवाखाना गाठा.

सूज आणि जखम. ‘लाल झाले का बघा’ हा सल्ला आपल्या कातडीला पुरत नाही. गडद कातडीवर दाह जांभळट किंवा आणखी काळपट दिसतो. म्हणून हाताची मागची बाजू लावून ऊब बघा, कडकपणा बघा, दुखते का विचारा. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या माकडहाडावर, टाचांवर आणि कमरेच्या हाडावर रोज असे बघा. तिथला जांभळा डाग ही अंथरुणाच्या जखमेची सुरुवात असू शकते.

रंगवताना सांभाळायचे

उग्र वासाचे मार्कर दार-खिडकी उघडी ठेवून वापरा, टोपण लगेच लावा. मुलांनी ते हुंगू नये. त्यातले द्रावक डोके जड करते, आणि मुद्दाम हुंगण्याची सवय जिवावर बेतू शकते. पेनच्या टोपणाला वर बारीक भोक असते, ते टोपण घशात अडकलेच तर हवा जायला वाट राहावी म्हणून असते. तरी ते लहान बाळाच्या हाती देऊ नये. पेन्सिली चावू देऊ नका, स्वस्त पेन्सिलीच्या बाहेरच्या रंगात शिसे असू शकते. जेवणाआधी हात धुवा. पंधरा-वीस मिनिटांनी हात मोकळा करा, लांब बघा. बोटे दुखत असतील तर मूल पेन्सिल फार आवळून धरते आहे, पेन्सिलीला जरा कापडाची पट्टी गुंडाळा.

एखादे मूल वारंवार चेहरा हिरवा आणि पान तपकिरी रंगवत असेल तर रागावू नका. लाल-हिरव्या रंगांत गोंधळ होणारा रंगांधळेपणा जन्मजात असतो, आईकडून आलेल्या गुणसूत्रातून येतो आणि मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो. ठिपक्यांच्या गोलात आकडा ओळखायची इशिहारा चाचणी १९१७ पासून वापरात आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काही मिनिटांत होते. यावर औषध नाही, पण पेन्सिलीवर रंगांची नावे लिहून दिली की मुलाचे काम अडत नाही.

नावे बदलू या

‘वर्ण’ या शब्दाचा एक अर्थ रंग. त्यावरून लोकांनी किती कथा रचल्या! वर्ण या शब्दाचा मुळात कातडीच्या रंगाशी संबंध नव्हता, अशी मांडणी बाबासाहेबांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात केली. तरीही आपल्या घरांत पोरगी सावळी म्हणून उसासे टाकले जातात, लग्नाच्या आधी गोरे होण्याचे मलम चोळले जाते. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते, काहींत पारा सापडला आहे. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, तोंडभर फोड येतात, मलम थांबवले की जळजळ सुरू होते. पारा मूत्रपिंडाला इजा करतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय चेहऱ्याला असे मलम लावायचे नाही, हे घरात पक्के ठरवा.

येत्या रविवारी एक करा. दाराशी चटई टाका, मुलांना बसवा, पेटी उघडा. त्या फिकट पेन्सिलीला ‘पीच’ म्हणा, ‘फिकट गुलाबी’ म्हणा, काहीही म्हणा, ‘स्किन’ म्हणू नका. प्रत्येकाने आपल्या मनगटाच्या रंगाचा चौकोन तयार करायचा आणि खाली लिहायचे, कोणते रंग लागले. कुणाला पाच लागतील, कुणाला सहा. आजीच्या हातासाठी जांभळी पेन्सिल लागली म्हणून मुले हसतील. मग आजीचा तळहात उलटा करून तोही बघा. आणि तो फार फिका वाटला, तर सोमवारी तिला तपासणीला घेऊन जा.